ओपन सोर्स फाउंडेशनच्या बोर्डावर स्वयंसेवकांचा माणूस: निवडतात कसा, आणि त्याच्या हातात असतं काय

जगातली दहापैकी साधारण चार संकेतस्थळं वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतात. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची न्यूज पोर्टलं, पतसंस्था, हायस्कुलं यांतही त्याचा वापर भरपूर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे एक संस्थापक आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी (लोकांची संकेतस्थळं आपल्या सर्व्हरवर सांभाळणारी) यांच्यात ट्रेडमार्कवरून आणि कंपनी प्रकल्पाला परत काय देते यावरून जुंपली. २५ सप्टेंबरला कंपनीचा वर्डप्रेस डॉट ऑर्गशी असलेला संपर्क तोडण्यात आला आणि तिच्या ग्राहकांच्या साइटवर प्लगिनचे, म्हणजे जादा सोयींसाठी जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचे, अपडेट येईनासे झाले. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं. डिसेंबरमध्ये कोर्टाने तो संपर्क पुन्हा जोडून द्यायला लावला.

भांडण त्या दोघांचं होतं, पण वर्षानुवर्षं फुकट काम केलेले स्वयंसेवक विचारू लागले की हा निर्णय घेतला कुणी? वर्डप्रेस फाउंडेशन २०१० पासून आहे आणि ट्रेडमार्क तिच्याकडे आहे. मात्र ज्या साइटवरून अपडेट येतात ती फाउंडेशनची नसून संस्थापकांच्या वैयक्तिक मालकीची आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. फाउंडेशनच्या बोर्डावर स्वयंसेवकांनी मत देऊन पाठवलेलं कुणीही नाही, हेही त्याच वेळी ठळकपणे समोर आलं.

मग जिथे असा माणूस असतो, तिथे तो काय करू शकतो? याचं उत्तर ‘खुर्ची आहे की नाही’ एवढ्यावर थांबत नाही. मतदार यादी कशी केली, मतं कशी मोजली आणि ठरावाला कुणाचं बहुमत लागतं, यावर त्या खुर्चीची किंमत ठरते.

## आधी चार शब्द

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कुणीही वाचू, बदलू आणि पुन्हा वाटू शकतो, ते ओपन सोर्स. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथन ही त्यातली ओळखीची नावं. आलेला बदल तपासून मूळ कोडमध्ये घ्यायचा की नाही हे ठरवणारा तो मेंटेनर. प्रकल्पाच्या नावाने बँक खातं उघडणारी, करार करणारी, कायद्याने नोंदलेली संस्था म्हणजे फाउंडेशन. तिचं संचालक मंडळ म्हणजे बोर्ड.

यात कंपन्या येतात त्या देणगीदार म्हणून आणि आपले पगारी इंजिनिअर प्रकल्पावर बसवणाऱ्या म्हणून. स्वयंसेवक म्हणजे नोकरी, कॉलेज किंवा घरकाम सांभाळून उरलेल्या वेळात काम करणारा.

## बोर्ड कोड ठरवत नाही, मग ठरवतं काय?

कुठली सुविधा घालायची, कुठली काढायची हे बहुतेक ठिकाणी मेंटेनर आणि तांत्रिक समित्या ठरवतात. बोर्डाच्या ताब्यात असतं ते नाव आणि चिन्ह, बँकेतला पैसा, डोमेन व सर्व्हर, आणि करारावर सही करायचा अधिकार.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं: पटत नसेल तर कोडची प्रत घ्या आणि वेगळी चूल मांडा, परवाना आहेच. याला फोर्क म्हणतात आणि तो खरंच करता येतो. २८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिसच्या लोकांनी तेच केलं. कोड सगळा मिळाला, नाव मात्र ओरॅकल कंपनीकडे राहिलं, म्हणून ‘लिब्रेऑफिस’ हे नवं नाव घ्यावं लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये नोड-जेएस या प्रकल्पाच्या लोकांनी फोर्क केला तेव्हाही नाव ‘आयओ-जेएस’ ठेवावं लागलं. पुढे २०१५ मध्ये फाउंडेशन झाल्यावर दोन्ही एकत्र आले. फोर्क केला की नाव, डोमेन, शिलकीतला पैसा आणि लोकांच्या संगणकावर आपोआप जाणारा अपडेट, या चारही गोष्टी जुन्या घरात राहतात. नेमक्या याच गोष्टी बोर्डाच्या हाती असतात. फोर्क हा शेवटचा उपाय म्हणून चांगला आहे, पण त्याची किंमत काम करणाऱ्यांनाच मोजावी लागते.

## खुर्च्या वाटायच्या रीती

सीमाभागात सहकारी साखर कारखान्याची निवडणूक न पाहिलेला माणूस सापडणार नाही. ऊस उत्पादक सभासदांचे गट, संस्था सभासदांचा वेगळा गट, प्रत्येकाच्या जागा ठरलेल्या. ज्याच्याकडे शेअर नाही तो बिगर सभासद: त्याचा ऊस गाळपाला जातो, बिल मिळतं, पण सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही. ओपन सोर्समधला बराचसा स्वयंसेवक या बिगर सभासदाच्या जागी आहे. फरक इतकाच की त्याला बिलही मिळत नाही.

फाउंडेशनांच्या रीती ढोबळमानाने तीन. पहिलीत मत फक्त व्यक्तीला. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये नऊ संचालक असतात, दरवर्षी निवडणूक होते आणि मतदार फक्त व्यक्ती-सभासद. कंपनी कितीही देणगी देवो, तिला जागा विकत मिळत नाही. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ग्नोम फाउंडेशनही याच वळणाच्या.

दुसऱ्या रीतीत जागा वर्गणीशी बांधलेल्या. लिनक्स फाउंडेशनची सर्वांत वरची, प्लॅटिनम वर्गणी वर्षाला पाच लाख डॉलर, आणि त्या वर्गातल्या कंपन्यांना बोर्डावर आपला माणूस पाठवता येतो. पूर्वी तिथे ९९ डॉलर भरणारे व्यक्ती-सभासद जास्तीत जास्त दोन संचालक निवडू शकत. जानेवारी २०१६ मध्ये पोटनियम बदलले आणि तो हक्क गेला. पोटनियम बदलायचा अधिकार बोर्डाकडेच असेल, तर निवडून दिलेली जागा बोर्डाच्या एका ठरावाने जाऊ शकते, हे या प्रकरणात दिसलं. आता कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, डेव्हलपरांनी निवडलेल्या तांत्रिक सल्लागार मंडळाचा अध्यक्ष बोर्डावर बसतो, तेवढाच धागा उरला आहे.

तिसरी रीत मिश्र. २०१२ च्या ओपनस्टॅक फाउंडेशनमध्ये २४ खुर्च्या होत्या: आठ प्लॅटिनम कंपन्यांच्या, आठ गोल्ड कंपन्यांनी मिळून निवडलेल्या, आठ व्यक्ती-सभासदांच्या. साध्या बहुमताला तेरा हात लागतात. व्यक्तींचे आठही एकत्र आले तरी बाहेरचे पाच जोडावे लागणार, आणि सोळा कंपनीवाल्यांनी ठरवलं तर त्या आठांशिवायही काम भागतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या रस्ट फाउंडेशनने यावर तोडगा काढला, तो मला सगळ्यांत पक्का वाटतो. प्रकल्पाचे पाच संचालक एका बाजूला, कंपन्यांचे दुसऱ्या बाजूला, आणि ठराव मंजूर व्हायला दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत हवं. समजा कंपन्यांचे नऊ आहेत. एकूण चौदा, साधं बहुमत आठ, म्हणजे नऊ जण एकटेच काहीही मंजूर करून घेतील. दुहेरी बहुमताच्या नियमात मात्र पाचांपैकी तिघे ‘नाही’ म्हणाले की ठराव पडला. खुर्च्या कमी असूनही वजन राहतं. कुठल्याही फाउंडेशनचे पोटनियम वाचताना स्वयंसेवकांच्या जागा किती, हे बघून थांबू नका. ट्रेडमार्क, परवाना, पोटनियम-दुरुस्ती अशा ठरावांना कुणाचं बहुमत लागतं, ते कलम शोधा.

## मतदार यादी: खरी कुस्ती इथे होते

‘ज्याने काम केलं त्याला मत’ हे ऐकायला सोपं. पण काम मोजायचं कशाने?

निपाणीतली एखादी शिक्षिका लिब्रेऑफिसच्या मराठी रूपावर काम करते असं धरू. मेनूतल्या ओळींचं भाषांतर ती वेबलेट नावाच्या साइटवर करते. शिवाय मराठी टायपिंग तपासते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग ‘य’ दाबलं की ‘ऱ्य’ उमटायला हवा. जुना फॉन्ट किंवा अर्धवट सोय असलेलं सॉफ्टवेअर त्या ऱ ला साधा र समजतं, रफार यच्या डोक्यावर चढवतं, आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. ती फॉन्टचं नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि स्क्रीनचा फोटो जोडून दोष नोंदवते. दुसरा कुणीतरी तो दुरुस्त करतो.

आता कोडच्या नोंदवहीत बघा. दुरुस्ती त्या दुसऱ्याच्या नावावर. भाषांतरं वेबलेटमधून एकगठ्ठा उचलून कोडमध्ये टाकली जातात, त्यामुळे ती नोंद टाकणाऱ्याच्या नावावर. शिक्षिकेच्या नावापुढे शून्य. फक्त कोडमधल्या नोंदी मोजून मतदार यादी केली, तर छोट्या भाषांची सगळी माणसं गळतात, आणि मराठीच्या दुखण्यांना बोर्डापर्यंत न्यायला कुणी उरत नाही.

म्हणून चांगल्या संस्था कामाची व्याख्या रुंद ठेवतात. लिब्रेऑफिस सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनमध्ये भाषांतर, तपासणी, मदतलेखन हे सगळं धरतात; किमान तीन महिने काम केलेलं असावं आणि पुढे निदान सहा महिने करायची तयारी असावी, अशी अट आहे. ग्नोममध्येही भाषांतर चालतं, आणि सभासदत्व दर दोन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. पायथनच्या फाउंडेशनमध्ये महिन्याला किमान पाच तास स्वयंसेवा करणारा, तसं स्वतः नोंदवून, मताचा हक्क मिळवू शकतो. अपाचेत मात्र कोडमध्ये थेट बदल करायची मुभा असलेला कमिटर वेगळा आणि सभासद वेगळा. नव्या सभासदाला जुने सभासद निवडून घेतात. दहा वर्षं कमिटर असलेल्यालाही तिथे मत नसू शकतं.

चुका होतात त्या अगदी साध्या. सभासदत्वाची मुदत संपलेली असते आणि नूतनीकरणाचा ईमेल न वाचलेल्या ढिगात पडून असतो. पायथनमध्ये आदल्या वर्षी मत न दिलेल्याला ‘यंदा मत देणार आहे’ असं आधी कळवावं लागतं, तेही राहून जातं. मतदार यादी गोठवायची तारीख निवडणुकीच्या बऱ्याच आधीची असते. ती उलटली की कुणाशी कितीही ओळख असली तरी उपयोग नाही.

## मतं मोजायची रीत बदलली की निकाल बदलतो

तीन जागा, शंभर मतदार. साठ जण कंपनीच्या पॅनेलचे, चाळीस स्वयंसेवकांच्या पॅनेलचे. प्रत्येकाला तीन उमेदवारांपुढे खूण करता येते. कंपनीच्या तिघांना साठ-साठ, स्वयंसेवकांच्या तिघांना चाळीस-चाळीस. निकाल तीन-शून्य. चाळीस टक्के मतदारांचा एकही माणूस आत नाही.

आता तेच शंभर जण पसंतीक्रम लिहितात: एक, दोन, तीन. बेळगाव, बागलकोट, विजापूर मिळून होणाऱ्या वायव्य पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना ही पद्धत ठाऊक आहे. तिथे जागा एक असते, इथे अनेक. जिंकायचा कोटा असा काढतात: एकूण मतं भागिले (जागा अधिक एक), मग आलेल्या आकड्यात एक मिळवायचा. शंभर भागिले चार, पंचवीस, म्हणून कोटा सव्वीस. साठ मतांत सव्वीसचे दोन कोटे बसतात आणि आठ उरतात. चाळीस मतांत एक कोटा बसतो. निकाल दोन-एक. अपाचे आणि ग्नोम याच पद्धतीने बोर्ड निवडतात. अपाचेच्या नऊ जागांसाठी कोटा दहा टक्क्यांच्या किंचित वर जातो. म्हणजे दहातला एक मतदार जरी एकदिलाने उभा राहिला तरी एक माणूस आत जाण्याच्या उंबरठ्यावर असतो.

पायथनमध्ये ‘पसंत असतील तितक्यांपुढे खूण’ अशी पद्धत आहे. मतदाराला ती फार सोपी पडते, भांडणंही कमी होतात. पण शिस्तबद्ध बहुमत आलं तर सगळ्या जागा एकीकडे जायची शक्यता तिच्यातही राहते.

पसंतीक्रमाच्या निवडणुकीत स्वयंसेवकांकडून एक चूक नेहमी होते. आपल्या एका आवडत्या उमेदवारापुढे ‘एक’ लिहून बाकी मतपत्रिका कोरी सोडतात. तो उमेदवार बाद झाला किंवा कोट्याहून जास्त मतं घेऊन निवडून आला, तर पुढची पसंती नसल्याने मत तिथेच संपतं. आपल्या विचाराचे जेवढे असतील तेवढ्या सगळ्यांना क्रमांक द्यावेत. त्याने पहिल्या पसंतीचं काही नुकसान होत नाही.

जाता जाता: डेबियन प्रकल्पाचा नेता निवडताना मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतो आणि तो जिंकला तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. आपल्या लोकसभा-विधानसभेच्या नोटापेक्षा त्याला धार जास्त आहे.

## कंपनीत पगार घेणारा हाही डेव्हलपरच ना?

आहेच. आणि तो बोर्डावर आला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच कंपनीचे पाच जण आले तर. म्हणून ग्नोममध्ये एका कंपनीशी संबंधित लोक बोर्डाच्या ४० टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. ओपनस्टॅकमध्ये मर्यादा दोघांची होती. एक्लिप्स फाउंडेशनमध्ये कमिटरांचे वेगळे प्रतिनिधी निवडले जातात, आणि तिथला नियम मतदानालाच हात घालतो: एकाच सभासद-कंपनीत काम करणाऱ्या सगळ्या कमिटरांची मतं मिळून एक मत धरतात. पन्नास कमिटर पदरी बाळगणारी कंपनी आणि धारवाडात घरून काम करणारा एकटा कमिटर, दोघं एका पायरीवर.

या मर्यादांना भोकंही आहेत. संचालकाने मुदतीच्या मध्यात नोकरी बदलली तर? दोन कंपन्या एक झाल्या तर? जुलै २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट घेतली तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांची माणसं एका दिवसात एका मालकाची झाली. कंत्राटी कामगार कुणाचा धरायचा? पोटनियमांत या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली हवीत: कळवायची मुदत किती, राजीनामा कुणी द्यायचा, रिकामी जागा पुढच्या क्रमांकाच्या उमेदवाराला जाणार की उरलेलं बोर्ड भरणार. शेवटचं कलम नीट बघा. रिकामी जागा बोर्डच भरणार असेल, तर मतदारांनी पाठवलेली खुर्ची नेमणुकीची होऊन बसते.

## निवडून आल्यावर

सभेच्या काही दिवस आधी कागद येतात: विषयपत्रिका, मागचं इतिवृत्त, जमाखर्च, समित्यांचे अहवाल. प्रतिनिधीचं निम्मं काम या कागदांवर होतं, सभेत बोलून नव्हे.

विषयपत्रिकेत ‘संमती यादी’ नावाचा भाग असतो. किरकोळ विषय एकत्र बांधून, चर्चा न करता, एका फटक्यात मंजूर करायचे. वेळ वाचतो, सोय चांगली आहे. पण ट्रेडमार्कच्या धोरणातला एक बारीक बदल किंवा सर्व्हरच्या कराराचं नूतनीकरण त्या गठ्ठ्यात बसलेलं असू शकतं. एका जरी संचालकाने मागणी केली की तो विषय यादीतून बाहेर काढून वेगळा चर्चेला घ्यावा लागतो. यादी मंजूर होण्याआधी बोललं पाहिजे, नंतर नाही.

दुसरं हत्यार कायद्यातलं. अपाचेसारख्या अनेक संस्था अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात नोंदलेल्या आहेत. तिथल्या कायद्यानुसार सभा न घेता, नुसत्या ईमेलवर ठराव करायचा असेल तर सगळ्याच्या सगळ्या संचालकांची संमती लागते. एकाने दिली नाही की रीतसर सभा बोलवावी लागते. सभेत तो हरेलही, पण प्रश्न इतिवृत्तात येतो आणि घाईघाईत उरकायचं काम थांबतं. रोज उठून हे वापरलं तर सहकारी वैतागतील, म्हणून जपून वापरायचं.

जमाखर्चात काय बघायचं? एकूण जमेपैकी पहिल्या दोन देणगीदारांचा वाटा किती. मोकळा पैसा किती आणि ठरावीक कामासाठीच दिलेला किती. खात्यात दहा लाख डॉलर दिसतात, पण नऊ लाख एका कामाला बांधलेले असतील तर सर्व्हरचं बिल उरलेल्या लाखातून भागवायचं असतं. नवी देणगी आली नाही तर पगार आणि सर्व्हर किती महिने चालतील. स्वयंसेवकांच्या प्रवासासाठी ठेवलेली रक्कम वर्षअखेर खर्च झाली की तशीच राहिली. राहिली असेल तर बहुतेक वेळा अर्ज करायची माहितीच लोकांपर्यंत गेलेली नसते. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांचं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ९९०, सार्वजनिक असतं. ते कुणीही वाचू शकतं, त्याला संचालक व्हावं लागत नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अपाचे, पायथन, ग्नोम या अमेरिकी करकायद्याच्या ५०१-सी-३ कलमाखालच्या, म्हणजे लोकहितासाठीच्या संस्था. लिनक्स फाउंडेशन आणि रस्ट फाउंडेशन ५०१-सी-६ खालच्या, म्हणजे एखाद्या उद्योगाच्या सामाईक हितासाठीच्या. तिथे कंपन्यांचं वजन जास्त असणं ही चोरीछुपी गोष्ट नव्हे, संस्थेचा प्रकारच तसा आहे.

## आम्ही निवडून दिलं, मग आमचं का ऐकत नाही?

कायद्याच्या नजरेत संचालक हा मतदारांचा वकील नसतो. एकदा बोर्डावर बसला की त्याचं कर्तव्य संस्थेच्या हिताशी बांधलेलं असतं, मग तो कुणाच्याही मतांनी आलेला असो. माहिती घेऊन, विचार करून निर्णय घ्यायचा. स्वतःचा किंवा मालकाचा फायदा मध्ये आणायचा नाही. संस्थेच्या उद्देशाबाहेर जायचं नाही. स्वयंसेवकांना हवी असलेली गोष्ट संस्थेला बुडवणारी असेल तर त्याने विरोधातच मत द्यायला हवं. अर्थात हे कर्तव्य कंपनीच्या संचालकालाही तंतोतंत लागू आहे. ‘आमच्या कंपनीला हे परवडत नाही’ असं तो बोर्डात म्हणाला, तर हितसंबंध जाहीर करून त्या विषयावरच्या मतदानातून बाजूला व्हायला त्याला सांगता येतं.

मग त्याला प्रतिनिधी तरी का म्हणायचं? कारण बोर्डाला जे दिसत नाही ते त्याला दिसतं. सर्व्हर बदलायचा प्रस्ताव येतो, कागदावर स्वस्त असतो. रोजच्या कामातला माणूस सांगतो की चाचण्या चालवायची यंत्रं तिथे हलवायला दोन स्वयंसेवकांचे चार महिने जातील आणि तोवर नवी आवृत्ती निघणार नाही. हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

बाहेर काय सांगता येतं यालाही सीमा आहे. मंजूर ठराव, अंदाजपत्रक हे बऱ्याच ठिकाणी उघड. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, कोर्टकचेरी, कराराची चालू बोलणी हे बंद दाराआड. शिवाय इतिवृत्त पुढच्या सभेत मंजूर होऊनच प्रसिद्ध होतं, म्हणजे महिन्याची सभा असेल तर निर्णय आणि बातमी यांत महिन्याचं अंतर पडतं. या काळात अफवा पिकतात. शहाणा प्रतिनिधी सभेच्या आधीच विषयपत्रिकेतले उघड विषय लोकांपुढे ठेवून मतं मागवतो. त्याने गुप्तता मोडत नाही आणि उपयोगही तेव्हाच असतो.

## पैसे देणाऱ्याचं चालणारच की

थोडंफार चालणारच, आणि ते गैर नाही. पैसा नसला की काय होतं ते २०१४ मध्ये दिसलं. हार्टब्लीड हा दोष सापडला तेव्हा निम्म्या जगाचे व्यवहार सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरवाट घातल्याचं उघड झालं. तो प्रकल्प एकटा स्वयंसेवक सांभाळत होता, थकलेला होता, आणि मदतीला आलेल्या ‘भल्या माणसाने’ दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून घात केला.

दोन्ही ठिकाणी कंपन्या सॉफ्टवेअर फुकट वापरत होत्या. मेंटेनर थकलाय हे सांगणारं, आणि ज्याच्या सांगण्यावर पैसा हलेल असं, कुणी नव्हतं. देणगीदाराला हे आपोआप कळत नाही. त्याच्या टेबलावर फक्त चालू असलेलं सॉफ्टवेअर पोचतं.

## बेळगावातून उभं राहायचं तर

विटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय इथलं, इंजिनिअरिंगची मुलं इथली, आणि कोडमध्ये काम करणारे मराठी हातही इथे आहेत. बोर्डापर्यंत जायला मधल्या पायऱ्या लागतात: आधी सभासदत्व, मग प्रवास समिती, आचारसंहिता समिती किंवा निवडणूक समितीत वर्षभर काम. तिथे लोकांना तुमचं नाव कळतं आणि तुम्हाला संस्थेचे कागद कळतात. उमेदवारी निवेदनात कोडमधली कर्तबगारी लांबण लावून सांगू नका. कुठल्या खर्चाकडे, कुठल्या नियमाकडे बघणार आणि तुमचा मालक कोण, हे लिहा.

वेळेचं गणित आधी मांडा. जागतिक वेळेनुसार दुपारी चारची सभा आपल्याकडे रात्री साडेनऊला, ती जमते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारी एकला ठेवलेली सभा मात्र हिवाळ्यात आपल्या रात्री अडीचला आणि उन्हाळ्यात दीडला येते, कारण तिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. सभेच्या वेळा आळीपाळीने बदलाव्यात अशी मागणी निवडून आल्यावर पहिल्याच सभेत करा, उशिरा केली तर सगळ्यांचं कॅलेंडर ठरून गेलेलं असतं. हेस्कॉमची वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा राउटरला वेगळा छोटा यूपीएस आणि मोबाइलचं इंटरनेट तयार ठेवा. मध्येच लाइन तुटली आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोडला तर पुढचे ठराव अडकतात.

वर्षातून एखादी सभा समोरासमोर, बहुधा युरोपात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तेवढ्यावर विसंबू नका.  तिकिटाचे पैसे आधी स्वतः घालून नंतर मागायचे, ही पद्धत पगारी माणसाला जमते, विद्यार्थ्याला नाही. फाउंडेशनने थेट तिकीट काढून द्यावं असं लेखी विचारा. अनेक संस्था देतात, फक्त विचारावं लागतं.

आणि नोकरीत असाल तर अर्ज भरण्याआधी करारपत्र काढून बघा. बाहेरचं पद घ्यायला परवानगी हवी, तुम्ही बनवलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क, अशी कलमं त्यात असतात. एचआरकडून पत्र घ्या, त्यात फाउंडेशनचं नाव, पद बिनपगारी असल्याचा उल्लेख आणि त्या कामावर कंपनीचा हक्क नसल्याचं एक वाक्य असू द्या. फाउंडेशनकडून संचालकांच्या दायित्वाचा विमा आहे का, आणि तो भारतात राहणाऱ्या संचालकाला लागू होतो का, हे उमेदवारीची मुदत संपायच्या आत ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.